इंदूरहून एक दिवस मुलांसाठी: भोपाळचं विज्ञान केंद्र की उज्जैनची वेधशाळा?

रामबागवाली

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत नणंद ठाण्याहून मुलांना घेऊन येते आहे. राजवाडा, सराफा, छप्पन दुकानं हे होणारच, त्याची काळजी आमच्यापेक्षा पाहुण्यांनाच जास्त असते. पण एक अख्खा दिवस मुलांसाठी ठेवायचा आणि तो मॉलमध्ये घालवायचा नाही, असं आम्ही दोघींनी फोनवर ठरवलं आहे. विज्ञानाचं काहीतरी दाखवायचं आहे.

मंडळी अशी: नणंदेचा मोठा १३ वर्षांचा (त्याला सगळंच बोअर होतं), माझी लेक ११ ची (प्रश्न विचारून जीव खाते), नणंदेचा धाकटा ६ चा (एका जागी टिकत नाही). सासूबाई ७२ च्या. गुडघे कुरकुरतात, पण "मी घरी बसून काय करू" हे आधीच सांगून झालं आहे. गाडी सात जणांची, चालवणार आमचे हे.

डोक्यात दोन जागा आहेत. भोपाळचं आंचलिक विज्ञान केंद्र किंवा उज्जैनची जंतरमंतर वेधशाळा. सासूबाई म्हणतात, उज्जैनला जाणारच तर महाकालाचं दर्शन घेऊन येऊ. ह्यांचं म्हणणं भोपाळचा रस्ता छान आहे. जाऊन आलेल्यांनी सांगा.

डोडीचा चहा

भोपाळ, डोळे मिटून. श्यामला हिल्सवर आहे, १९९५ पासून सुरू आहे. मुलांनी हात लावायचा, कळ दाबायची, चाक फिरवायचं, अशीच सगळी मांडणी. बाहेर बाग आहे, त्यात झोके-लोलक असले खेळ. सहा वर्षांच्या पोराला दुसरं काय पाहिजे?

सकाळी ६ ला निघा, देवास-आष्टा-सीहोर करत. मध्ये डोडीला थांबलात की आमच्या नावाचा चहा प्या. १९० किलोमीटरच्या आसपास पडतं, साडेतीन तास धरा. संध्याकाळी मोठ्या तलावावर सूर्यास्त, मग परत. आमच्या पोरांनी तिकडे एवढी मजा केली की परतीला गाडीत चिडीचूप.

दोन पिल्लं

@डोडीचा चहा, दादा, चिडीचूप मजेनं नाही हो, सात तास गाडीत बसून झाले असतील 😀

रामबागवाली ताई, मी सहा वर्षांच्याच्या आईच्या भूमिकेतून बोलते. साडेतीन तास जाणं आणि साडेतीन तास येणं हे त्या वयाला एका दिवसात झेपत नाही. राहायची सोय असेल तर भोपाळ उत्तम. दुसऱ्या दिवशी मानव संग्रहालय बघता येईल, तेही श्यामला हिल्सवरच आहे (सोमवारी बंद असतं, लक्षात ठेवा). एका दिवसात मात्र मी भोपाळ करणार नाही. उज्जैन ५५ किलोमीटर. धाकटा कंटाळला, रडला, ओकला, तरी दोन तासांत घरी.

वरळीकर मालव्यात

एक मुद्दा कोणी मांडत नाहीये. मुलं ठाण्याची आहेत. त्यांनी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र बघितलेलं असण्याची शक्यता दाट आहे, शाळेची सहल हमखास तिथेच जाते. वरळीचं, नागपूरचं रमण विज्ञान केंद्र आणि भोपाळचं, ही तिन्ही एकाच राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेची. मांडणीचा स्वभाव सारखा: वाकडे आरसे, हवेत तरंगणारा चेंडू, कुजबुज ऐकवणाऱ्या मोठ्या तबकड्या. वरळीचं कितीतरी मोठं आहे. ठाण्याच्या १३ वर्षांच्या मुलाला साडेतीन तास गाडीत बसवून त्याच जातीची धाकटी जागा दाखवलीत तर तो काय म्हणेल ते तुम्हीच वर लिहिलं आहे.

जयपूरचा राजा सवाई जयसिंह याच्या वेधशाळा देशात पाचच होत्या: दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी, मथुरा. मथुरेची आता शिल्लक नाही. म्हणजे ठाण्याच्या मुलांना आपण आपल्याकडचं काही दाखवायचं तर उज्जैन.

डोडीचा चहा

वरळीकर, मुद्दा बरोबर आहे. पण मी वेधशाळा बघितली आहे. खरं सांगू? भिंती आणि रेघा. ज्याला समजत नाही त्याला पंधरा मिनिटांत "झालं?" असं होतं. मोठ्यांना होतं तर पोरांचं काय घेऊन बसलात.

कॅट रोड

इंदूर सोडायचंच कशाला? आमच्या बाजूला आरआरकॅट आहे, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र ही सरकारी संशोधन संस्था. इंडस-२ नावाचं यंत्र आहे तिथे, सुमारे १७२ मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पळवतात आणि ते वळताना जे क्ष-किरण फेकतात ते प्रयोगांना वापरतात. इंदुरातल्या अर्ध्या लोकांना हे आपल्या गावात आहे हेच माहीत नसतं.

रामबागवाली

@कॅट रोड, असं कोणालाही जाता येतं का पण?

कॅट रोड

नाही, तीच अडचण. विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे फेब्रुवारीत, शाळा-कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दाखवतात. लेकीच्या शाळेत आत्ताच विचारून ठेवा. नाताळात पाहुण्यांना घेऊन दारात गेलात तर पहारेकरी नमस्कार करेल, बस.

शंकुछाया

रामबागवाली ताई, मी शाळेत गणित शिकवत असे, आता निवृत्त आहे. उज्जैनमध्ये बरीच वर्षं नोकरी झाली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. डोडीकरांचं म्हणणं खोटं नाही. वेधशाळा ही नुसती बघायची जागा नाहीच. तिथे काहीतरी मोजायला जायचं. मोजायचं काय हे घरून ठरवून गेलात तर सहाच्यापासून बहात्तरच्यापर्यंत सगळ्यांना काम मिळतं, आणि न ठरवता गेलात तर भिंती आणि रेघा.

तुमचा दिवसही उत्तम निवडला गेला आहे. का ते सांगतो.

उज्जैनचं रेखांश ७५ अंश ४६ कला. आपली घड्याळं चालतात साडेब्याऐंशी अंशांवर. फरक ६ अंश ४४ कला. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे उज्जैनचा सूर्य आपल्या मनगटावरच्या घड्याळापेक्षा सुमारे २७ मिनिटं मागे. आता याखेरीज वर्षभर आणखी एक घटबढ चालू असते, कारण पृथ्वीची कक्षा पुरती गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य १६ मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीत १४ मिनिटं मागे. ही घटबढ वर्षातून चार वेळा शून्यावर येते आणि त्यातली एक वेळ २५ डिसेंबरच्या आसपास. तेव्हा नाताळात मुलांना एकच आकडा सांगायचा: सत्तावीस. सम्राट यंत्रावर, म्हणजे तिथल्या मोठ्या सूर्यघड्याळावर, सावलीवरून वेळ वाचा, त्यात २७ मिळवा, मोबाइलशी ताडून बघा. महिनाअखेरीस गेलात तर दोन-तीन मिनिटांचा फरक दिसेल, तो का, हे तेरा वर्षांच्या चिरंजीवांना शोधायला लावा.

सम्राट यंत्राची तिरकी भिंत पृथ्वीच्या आसाला समांतर आहे, रात्री तिच्या रेषेत ध्रुव दिसतो. दोन्ही बाजूंना चाप (वर्तुळाचे तुकडे) आहेत, त्यांवर तास, मिनिटं आणि मिनिटाचा तिसरा हिस्सा कोरलेला आहे. तिसरा हिस्सा म्हणजे २० सेकंद. चुन्याच्या भिंतीवर! सकाळी सावली एका चापावर असते, दुपारनंतर दुसऱ्यावर. म्हणून पोचायची वेळ महत्त्वाची. साडेअकराला आत असा. १२ वाजून २७ मिनिटांच्या आसपास सूर्य बरोबर दक्षिणोत्तर रेषेवर येतो, तेव्हा सावली एक चाप सोडून दुसऱ्यावर जाताना दिसते. जो दहाला येऊन अकराला निघाला, त्यानं तिकीट फुकट घालवलं असं मी समजतो.

दोन पिल्लं

काका, हे वाचून मीच जाणार आता. पण सहाच्या पोराला दक्षिणोत्तर वगैरे काय सांगायचं?

शंकुछाया

त्याला खडू द्या. सावलीच्या टोकावर दर दहा मिनिटांनी फुली मारायची. (यंत्रावर नाही हं, बाजूच्या मोकळ्या जमिनीवर, स्वतःच्या काठीच्या सावलीवर. यंत्रावर कोणी रेघ मारली तर मी स्वतः येऊन रागवेन.) डिसेंबरच्या शेवटी उज्जैनला दुपारचा सूर्य ४३ अंशांच्या थोडा वर असतो, त्यामुळे माणसाची सावली जवळजवळ माणसाएवढीच पडते, किंचित लांब. सगळ्यांना ओळीनं उभं करून सावल्या मोजायला लावा. आजीचीसुद्धा.

बाकी यंत्रांतलं मुलांना सांगण्यासारखं:

नाडीवलय यंत्राला दोन तोंडं आहेत, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. ते विषुववृत्ताच्या पातळीत बसवलेलं आहे. सूर्य सहा महिने एका तोंडावर, सहा महिने दुसऱ्या. तुम्हाला डिसेंबरात दक्षिणेचं तोंड उन्हात दिसेल आणि उत्तरेचं सावलीत. मुलांना आधी न सांगता विचारा, "दुसरं तोंड कशाला बांधलं असेल?"

शंकू यंत्र म्हणजे गोल ओटा आणि मधे उभा खांब. ओट्यावर सात रेघा आहेत. मार्च-सप्टेंबरच्या संपाताची (दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसाची) रेघ सरळ, बाकीच्या वाकलेल्या, २२ डिसेंबरची सगळ्यात बाहेरची. सावलीचं टोक तुम्हाला त्या शेवटच्या रेघेजवळूनच चालताना दिसेल. हे यंत्र जयसिंहाच्या वेळचं नाही, गो. स. आपटे यांनी बांधवलं. वेधशाळा पार मोडकळीला आली होती, ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी १९२३ मध्ये दुरुस्त करून घेतली आणि आपटे तिचे अधीक्षक झाले. तिचं जिवाजी वेधशाळा हे नाव शिंद्यांवरूनच. १९४२ पासून तिथून दरवर्षी ग्रहस्थितीचं पंचांग निघतं. मराठी घरातल्या मुलांना एवढं ठाऊक असावं, असं आपलं मला वाटतं.

भित्ती यंत्र अकरा वर्षांच्या लेकीसाठी. मध्यान्हाला सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून किती अंश खाली आहे ते वाचायचं, नाताळात साडेशेहेचाळीसच्या आसपास येईल. त्यातून उज्जैनचं अक्षांश, २३ अंश ११ कला, वजा करायचं. उरेल ती सूर्याची दक्षिण क्रांती, म्हणजे तो विषुववृत्ताच्या किती अंश दक्षिणेला आहे ते. भूगोलाच्या पुस्तकातलं मकरवृत्त तिला तिथे भिंतीवर सापडेल.

दिगंश यंत्र समजावायला वेळ लागतो. पोरं दमली असतील तर सोडा.

वरळीकर मालव्यात

काकांनी धागाच जिंकला. ताई, एक भर घालतो. ठाण्यात मुलांचे बाबा किंवा आजोबा मागे राहणार आहेत का? त्यांना त्याच दिवशी गच्चीत काठी रोवायला सांगा. ठाण्याचं रेखांश ७३ च्या जरा आत, म्हणजे तिथला मध्यान्ह १२:३८ ला, उज्जैनपेक्षा ११ मिनिटं उशिरा. व्हिडिओ कॉल लावून बघता येईल. (मुंबईनं आपली ३९ मिनिटं मागची वेगळी वेळ १९५५ पर्यंत चालवली होती, आमचे आजोबा "बॉम्बे टाइम" म्हणत.)

शंकुछाया

वा, वरळीकर! मग त्यातून पृथ्वीही मोजून टाका. दोन्हीकडे बरोबर १ मीटरची काठी, ओळंब्यानं सरळ उभी. दोघांनी आपापल्या मध्यान्हाची सावली मोजायची. उज्जैनला साधारण १०६ सेंटिमीटर यायला हवी, ठाण्याला ९२. कागदावर काटकोन त्रिकोण काढून कोनमापकानं कोन मोजा, कॅल्क्युलेटर नको. दोन कोनांत ४ अंशांचा फरक पडतो. ४ अंश म्हणजे वर्तुळाचा नव्वदावा भाग. आता नकाशावर ठाण्याच्या आडव्या रेषेपासून उज्जैनच्या आडव्या रेषेपर्यंत सरळ उत्तरेकडे अंतर मोजा, रस्त्यानं नव्हे. ४४० किलोमीटरच्या जवळ येईल. गुणिले ९०. इराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं अलेक्झांड्रियात बसून हेच केलं, २२०० वर्षांपूर्वी, त्याच्याकडे व्हिडिओ कॉल नव्हता.

फ्रीगंज

मी उज्जैनची. विज्ञान सगळं काकांनी सांगितलं, मी गर्दीचं सांगते, कारण तुम्ही नाताळ ते एक जानेवारी या आठवड्यात येऊन राहिला आहात.

महाकाल त्या दिवशी काढून टाका. महाकाल लोक (मंदिराभोवतीचा नवा परिसर) झाल्यापासून सुट्टीच्या दिवसांत दर्शनाला किती वेळ लागेल हे आम्ही उज्जैनचे लोकसुद्धा सांगू शकत नाही. १२:२७ चा मध्यान्ह गाठायचा आणि महाकालही करायचा, दोन्ही जमत नाही. रांगेत अडकलात की सूर्य थांबत नाही. सासूबाईंना चिंतामण गणपतीला न्या. वेधशाळेपासून तो रस्ता पुढे तिकडेच जातो, मंदिर जुनं, छान आहे, आणि गर्दी त्या मानानं कमी. (बुधवारी जाऊ नका मात्र.) त्यांना पटवायची जबाबदारी तुमची.

सांवेरकडून आलात की शहरात न शिरता बाहेरून वळसा घालून चिंतामणच्या बाजूनं या. हरिफाटक पुलावर अडकलात तर अर्धा तास गेलाच.

आत उन्हाला आडोसा कमी आहे. डिसेंबरचं असलं तरी दुपारचं ऊन लागतं, टोप्या घ्या. सकाळी निघताना स्वेटर, बाराला ते सगळे तुमच्या हातात. सासूबाईंसाठी घडीची खुर्ची घ्या, झाडाखाली बसतील. सम्राट यंत्राच्या पायऱ्यांवर मुलांना चढू देतीलच असं धरून चालू नका. माहिती सांगणारे तिथले कर्मचारी चांगले आहेत, गर्दी नसेल तर मन लावून समजावतात. सुट्टीच्या वेळा आधी फोन करून विचारा.

रामबागवाली

फ्रीगंज, तुमचे फार आभार, सासूबाईंचा प्रश्न तुम्ही एका ओळीत सोडवलात. जेवणाचं काय? तारामंडल पण आहे ना उज्जैनला?

फ्रीगंज

आहे. खेळांच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या दिवशी किती आणि कधी ते फोनवर विचारून घ्या. मी असं करेन: वेधशाळा साडेअकरा ते दीड, मग जेवण, मग तारामंडलाचा दुपारचा खेळ. दिवसा सूर्य बघितला, मग अंधारात तारे, आणि धाकट्याला तिथे झोप लागली तरी कोणाची तक्रार नाही. दर्शन शेवटी, परतताना.

जेवायला फ्रीगंजमध्ये या, टॉवर चौकाच्या आसपास सगळं मिळतं. दाल-बाफले खायला घालू नका पण, तारामंडलात सगळेच घोरतील.

डोडीचा चहा

बाफल्यांवर हा अन्याय आहे. असो, मी हरलो, भोपाळ पुढच्या वेळी. ताई, सकाळी पोहे-जिलेबी खाऊनच निघा, जिरावणाची (पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची) पुडी सोबत ठेवा, ठाण्याच्या पाहुण्यांना पोह्यांवर शेव का घालतात हे वाटेत समजावता येईल.

दोन पिल्लं

डबा घरचाच बरा. दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, लोणचं, संत्री. सहाच्याला साडेबाराला भूक लागतेच, आणि तुमचा मध्यान्ह नेमका तेव्हाच. साडेअकराला गाडीतच थोडं खायला घाला, नाहीतर सूर्य दक्षिणोत्तर रेषेवर आणि पोरगं जमिनीवर लोळण.

रामबागवाली

ठरलं, उज्जैन. लेकीनं काकांची यादी वहीत उतरवून घेतली आहे. ठाण्याच्या आजोबांना (नणंदेचे सासरे) फोन झाला, ते निवृत्त अभियंता आहेत, आत्ताच ओळंबा शोधायला लागले आहेत.

@शंकुछाया काका, १ मीटरची काठी कसली घेऊ? घरात झाडूचाच दांडा आहे.

शंकुछाया

झाडूचा दांडा चालेल, वरचं टोक सपाट कापलेलं हवं. मातीच्या कुंडीत रोवून वाळू भरा, पण मग मीटर वाळूच्या वरून नाही, सावली पडते त्या जमिनीच्या पातळीपासून मोजा. जमीन सपाट आहे का ते ताटलीत पाणी घालून बघा. निघायच्या आदल्या दिवशी गच्चीवर एक रंगीत तालीम करा, इंदूरचा मध्यान्हही १२:२७ च्या आसपासच.

रामबागवाली

मंडळी, जाऊन आलो! थोडक्यात लिहिते, घर पाहुण्यांनी भरलं आहे.

पाऊण तास उशीर झाला तरी बारा दहाला आत होतो. तेरा वर्षांच्या महाशयांनी सम्राट यंत्रावर ११:४५ वाचलं, २७ मिळवले, मोबाइल काढला आणि १२:१२ बघून जो गप्प झाला तो झालाच. मग तोच धाकट्याला शिकवत होता. सासूबाई खुर्चीत बसून होत्या, पण सावल्या मोजायच्या वेळी उठल्या आणि माझी सावली माझ्याहून लांब कशी म्हणून सगळ्यांना विचारत राहिल्या. नाडीवलयाचं दुसरं तोंड कशाला, याचं उत्तर लेकीआधी त्यांनीच दिलं: "उन्हाळ्यात सूर्य तिकडून येतो ना, आपल्या मागच्या खोलीत येतो तसा." चिंतामणाचं दर्शन वीस मिनिटांत झालं, त्या खूश.

तारामंडलात धाकटा झोपला. ठरल्याप्रमाणे.

आता प्रश्न. आमची सावली १०५ आली, ठाण्याच्या आजोबांची ९३. लेकीनं त्रिकोण काढले, फरक साडेतीन अंश निघाला आणि पृथ्वीचा घेर ४५ हजार किलोमीटर. पुस्तकात ४० हजार आहे. आजोबा म्हणतात माझं माप बरोबर आहे, तुमचं चुकलं. लेक म्हणते त्यांचं. घरात दोन पक्ष पडले आहेत.

शंकुछाया

दोन्ही पक्षांना सांगा, एकेक सेंटिमीटर दोघांचा. आणि त्यात दोष कोणाचाच नाही. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कड एकदम तुटत नाही, गडद ते फिकट असा पट्टा होतो. डिसेंबरात १ मीटरच्या काठीच्या टोकाशी हा पट्टा जवळजवळ २ सेंटिमीटर रुंद. त्यात कोणी गडद टोक धरलं, कोणी फिकट, तर एवढा फरक पडायचाच. आजोबांनी फिकट टोक धरलं असणार आणि लेकीनं गडद.

उपाय सोपा. काठीच्या टोकावर पुठ्ठ्याचा तुकडा आडवा बसवा, त्याला सुईनं बारीक भोक पाडा. जमिनीवर सूर्याचा छोटा गोल कवडसा पडेल. त्याच्या मध्यापर्यंत मोजा, भोकाची उंची मीटर धरा. आणि पहिल्याच फेरीला ४५ हजार आले म्हणजे उत्तम आले.

रामबागवाली

आजोबांना कळवलं. त्यांनी पुठ्ठा कापायला घेतला आहे.

कॅट रोड

मला एक विचारायचं आहे काका. उन्हाळ्यात सावली पूर्ण नाहीशी होते म्हणतात, ती २१ जूनला ना? त्या दिवशी वेधशाळेत खूप गर्दी असते असं ऐकलं.

शंकुछाया

२१ जूनला उज्जैनला सावली जवळजवळ नाहीशी होते, पाव अंश उरतो, डोळ्यांना तो कळत नाही, म्हणून लोक जमतात. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडं उत्तरेला, महिदपूर तालुक्यात डोंगल्याजवळून जातं, ती जागा पुरातत्त्वज्ञ वि. श्री. वाकणकरांनी दाखवून दिली. आता तिथेही वेधशाळा आहे. तिथे २१ जून बरोबर.

इंदूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून आपल्या डोक्यावरून सूर्य दोनदा जातो. ७ जूनच्या आसपास एकदा, आणि परतताना ५-६ जुलैला. जुलैत ढग. तेव्हा जूनचा धरा. दुपारी १२:२५ च्या सुमारास.

दोन पिल्लं

म्हणजे हे घरच्या गच्चीवर दिसणार? कुठे जायचंच नाही?

शंकुछाया

कुठेही नाही. स्टीलचा उभा डबा, सरळ पाइपचा तुकडा, झाडूचा दांडा, काहीही ठेवा. पाइपच्या आतून ऊन थेट तळाला पोचतं, ते मुलांना सगळ्यात आवडतं. फक्त वर सूर्याकडे बघायचं नाही, खाली जमिनीकडेच बघायचं.

वरळीकर मालव्यात

ठाण्याच्या आजोबांना सांगा, त्यांचा दिवस १६ मेच्या आसपास. तिकडे मान्सून जूनमध्ये येतो, त्यामुळे मे महिन्यात आकाश मोकळं मिळायची शक्यता बरी.

रामबागवाली

सांगितलं. मे महिन्यात आम्हीच ठाण्याला जायचं असं नणंदेनं परस्पर ठरवून टाकलं आहे. पण काका, ७ जूनला नेमके ढग आले तर?

शंकुछाया

तर ८ ला बघा. त्या दिवसांत सूर्य रोज एक दशांश अंशच सरकतो, मीटरभर काठीला दोन मिलिमीटरसुद्धा सावली वाढत नाही. ६ ते ८ जून, तिन्ही दिवस चालतील. आणि ऊन ४० च्या वर असेल, तेव्हा सव्वाबाराला चढा आणि साडेबाराला खाली या. सासूबाईंना खालूनच व्हिडिओ कॉल.